पद्मजाबाईंच्या घड्याळाचा सेल

बोरिवली (पूर्व)
दि. ६ जानेवारी २०२५

ती. दादास,
विशालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

कानाचं मशीन लावतोस की नाही? मीरावहिनी म्हणत होती, तू ते डबीत घालून ठेवतोस आणि गिऱ्हाइकांच्या ओठांकडे बघून घड्याळांची टपरी चालवतोस. तापानंतर तुझे कान गेले तेव्हापासून आपलं बोलणं हे असं पोस्टातून. मेसेज केला तर तू नुसता अंगठा पाठवतोस. पत्राला निदान पत्र तरी येतं.

इकडे सगळं ठीक. चेतनाची शाळा नाताळनंतर सुरू झाली, परत पोरांच्या वह्या तपासणं आलं. गेल्या रविवारी आम्ही दोघं मनोरीला जाऊन आलो. फेरीबोटीत चढताना चेतनाची एक चप्पल पाण्यात पडली, मग बाईसाहेब दिवसभर माझ्या चपला घालून फिरल्या आणि मी अनवाणी.

आता मुद्द्याचं. पंतनगरच्या शाळेच्या जुन्या हेडबाई, पद्मजाबाई रेगे, आमच्या कंपनीच्या अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला आल्या होत्या. त्यांच्या जहाजावरच्या मिस्टरांनी आणलेलं ते सोन्याचं स्विस घड्याळ, सेल बदलायला. मी मागचं झाकण उघडलं आणि बघतच राहिलो. आत बाबांचं अक्षर! सुईने कोरलेलं कुंडलिकचं ‘कुं’, दर सेलबदलाला एक असं पाच वेळा, पुढे तारखा. त्याखाली तुझं ‘भी’, तीन वेळा. माझं अर्थात कुठेच नाही. त्या घड्याळाला बाबांनी मला कधी हात लावू दिला?

पण दादा, एक सांगायला हवं. नवा सेल घातला तरी घड्याळ चाललं नाही. आतली तारेची कॉइल गेली आहे. आत दमट हवा शिरली असावी. नियमाप्रमाणे मला रिपोर्टमध्ये लिहावं लागलं की घड्याळ आधी बाहेर उघडलं गेलंय. मनाला लावून घेऊ नकोस. पण इथून पुढे असली महागडी घड्याळं तू उघडू नयेस असं मला वाटतं. इथे आम्ही सेल बदलला की घड्याळ यंत्रात ठेवून हवेचा दाब देऊन तपासतो. तुझ्याकडे नाक्यावरची धूळ आणि एक ट्यूबलाइट. तुझा दोष नाही, काळच बदललाय.

आमच्या पुतणीबाईंच्या, शीतलच्या परीक्षेचं कळव. माझा राग करू नकोस, माया आहे तशीच असू दे.

तुझा,
विशाल


पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
दि. १३ जानेवारी २०२५

चि. विशाल यास,
दादाचा जयभीम व आशीर्वाद.

पत्र मिळालं. चेतनाला सांग, चप्पल गेली तर गेली, नवरा अनवाणी चालला हे जास्त महत्त्वाचं. कानाचं मशीन डबीतच आहे. ते लावलं की रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात, माणसं नाही. शीतलचा शेवटचा पेपर परवा. वहिनीचे गुडघे दुखतात, पण ऐकते कुणाचं?

तू चार पानं लिहिलीस म्हणून मीही मनातलं लिहितो. पद्मजाबाई तुझ्याकडे यायच्या आधी माझ्याकडे आल्या होत्या. मुलुंडला राहायला गेल्या तरी सेलसाठी टपरीवरच यायच्या. ह्या वेळी त्यांनी माझ्या वहीत लिहून दाखवलं की मुलगा म्हणतोय कंपनीतच द्या. मी म्हटलं, माझा भाऊच आहे तिथे, बिनधास्त द्या. तोंडाने म्हटलं. त्यांची पाठ वळली आणि मला तुझा हेवा वाटला. त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांचे सेल बदलले, तिन्ही वेळा तुझा कंपनीचा पांढरा कोट डोळ्यांपुढे. भावाचं चांगलं झालेलं ज्याला बघवत नाही तसला माणूस मी नाही, असं मी आजवर समजत होतो.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. बाईंनी घड्याळ दाखवलं तेव्हा सेकंदकाटा चार-चार सेकंदांच्या उड्या मारत होता. चांगल्या घड्याळात सेल संपत आला की काटा तसा उडतो, हे तुला मी सांगायला नको. म्हणजे मशीन जिवंत होतं. आणि दमट हवेने कॉइल हिरवी पडते, तिची तार तुटत नाही. तू नुसतं ‘गेली’ लिहिलंस. हिरवी होती का तुटलेली? झाकणाची रबरी रिंग मी गेल्या खेपेला नवी घातली होती, ग्रीस लावून. ती कशी होती तेही लिही.

तब्येत सांभाळ. आठवण ठेवत जा, तेवढं पुरे आहे.

तुझा दादा,
भीमराज


पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
दि. २७ जानेवारी २०२५

विशाल भाऊजींना,
मीराचा जयभीम. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहितेय. फोनवर बोलले असते, पण फोनवर तुम्ही हसून विषय बदलता. तुमच्या दादांनी विचारलेल्या प्रश्नाला दोन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही.

गेल्या सोमवारी पद्मजाबाई टपरीवर आल्या. तुमच्या सेंटरचा कागद घेऊन. ओरडल्या नाहीत, तो त्यांचा स्वभावच नाही. कागद काउंटरवर ठेवला आणि वहीत एवढंच लिहिलं, की भीमराज, तुमच्या हातून चूक झाली असेल तर मला सांगायचं होतंत. चार गिऱ्हाइकं उभी होती, शेजारचा चावीवाला नंदू होता. कागद इंग्रजीत. संध्याकाळी शीतलने मराठी करून दिलं. त्यात होतं, अकुशल हाताने उघडल्यामुळे बिघाड.

ह्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग मला म्हणाले, कंपनीचा छापील मजकूर असणार, विशाल असं लिहायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून टपरी उघडतात, पण घड्याळ उघडत नाहीत. कुणी सेल बदलायला आलं की हात जोडतात. नुसते पट्टे विकतात. परवा एका म्हाताऱ्यांना पुढच्या गल्लीत पाठवून दिलं. पंचवीस वर्षं ह्या माणसाने कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं.

भाऊजी, मला एवढंच विचारायचंय. ‘अकुशल’ हा शब्द छापील होता, की तुम्ही लिहिलात?

चेतनाला माझी आठवण सांगा. घरचं माणूस समजून लिहिलंय, परकं मानू नका.

तुमची वहिनी,
मीरा


बोरिवली (पूर्व)
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

वहिनीने पत्रातून विचारलंय, तिला सांग, ‘अकुशल’ हा शब्द छापील नव्हता. मी लिहिला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. कॉइल हिरवी नव्हती, तुटलेली होती, आणि ती माझ्या हातून तुटली. तुझी रिंग नव्यासारखी होती, ग्रीससुद्धा ओलं. आत दमट हवेचा मागमूस नव्हता. जुना सेल मी व्यवस्थित काढला. नवा बसवताना माझं लक्ष बाजूला उलट्या ठेवलेल्या झाकणाकडे गेलं, त्यातल्या अक्षरांकडे. चिमटा घसरला. कॉइलची तार केसापेक्षा बारीक, नुसतं टोक लागलं. सेल बसला, काटा हलला नाही.

बारा वर्षांत माझ्या हातून घडलेली ही पहिली चूक. घाबरलो. पण नुसता घाबरलो असतो तर ‘कॉइल गेली’ एवढं लिहून थांबलो असतो. ‘अकुशल’ लिहायची काही गरज नव्हती. तो शब्द टाइप करताना मला बरं वाटलं, दादा. हे लिहायला मला दोन आठवडे लागले.

तुला माझा पांढरा कोट दिसतो. मला तुझी टपरी दिसते. बाबांनी टपरी तुला दिली, त्यांचं स्टूल तुला, हत्यारांचा डबा तुला, स्वतःची गिऱ्हाइकं तुला. मला म्हणाले, तू कंपनीत चिकट. मला ते घराबाहेर काढल्यासारखं वाटलं होतं. एसीत बसतो, इंग्रजीत रिपोर्ट लिहितो, पण पंतनगरला आलो की अजून लोक विचारतात, कुंडलिकमास्तरांच्या भीमराजचा तू धाकटा ना? त्या झाकणात तुम्ही दोघं एकाखाली एक होतात. मला वाटलं, ह्यांच्यात मला जागा नाही, कधीच नव्हती.

काय केलं ते सांगतो. वहिनीचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजर सुबोध साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद फाइलला लावला. मग म्हणाले, चूक पोटात घातली असती, खोटा रिपोर्ट नाही घालता येत. सहा महिने मला कामाच्या टेबलावरून उठवलंय. आता काउंटरवर बसून पावत्या फाडतो. बाईंच्या घड्याळात कंपनी नवं मशीन घालून देणार आहे, आणि बिघाड आमच्याच माणसाच्या हातून झाला असा दुसरा कागदही.

शनिवारी मुलुंडला बाईंच्या घरी गेलो. शाळेत उभं करायच्या तसं त्यांनी मला उभंच ठेवलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे भावाला सांगितलंस का? मी म्हटलं, सांगणार आहे. त्या म्हणाल्या, मग आधी ते कर, माझी माफी नंतर माग.

बुधवारी मी पंतनगरला आलो होतो. नाक्याच्या पलीकडे उभा राहिलो. तू खाली मान घालून कुणालातरी पट्टा बसवून देत होतास. रस्ता ओलांडायचा धीर झाला नाही. परत फिरलो.

माफ कर असं लिहीत नाही. पण घड्याळं उघडायला लाग, दादा. माझ्यावर हवा तेवढा चिडून राहा, पण उघड.

तुझ्या मायेला पात्र उरलो असलो तर, तुझा,
विशाल


पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. विशाल यास,
दादाचा जयभीम व आशीर्वाद.

काल पद्मजाबाई आल्या होत्या. नवा कागद आणला होता. शीतलला कॉलेजातून थेट टपरीवर बोलावून घेतलं आणि भर बाजारात उभं करून तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला, इंग्रजीत आणि मग मराठीत. मला ऐकू येत नव्हतं, पण नंदूने चावी घासायचं मशीन बंद केलं ते दिसलं. मग बाईंनी पर्समधून त्यांचं स्वयंपाकघरातलं साधं घड्याळ काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी सेल बदलला. आज पाच घड्याळं केली.

मी अजून रागात आहे. वहिनी म्हणते सोडून द्या, तिला सोडता येतं. मला वेळ लागेल. तू घरी आलास तर जेवायला वाढू, पण मी फार बोलेन अशी आशा ठेवू नकोस.

मात्र तू खरं लिहिलंस, तर मलाही लिहायला हवं. तुझा चिमटा घसरला हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा राग आला नाही, आनंद झाला. कंपनीवाल्याचाही हात घसरतो म्हणून. तुला टेबलावरून उठवलं ही ओळ मी परत वाचली, चव घेऊन. मग पत्र घडी करून ठेवलं आणि स्वतःचीच किळस आली.

आणि हे एवढ्यावरच नाही. बाबा शेवटी दवाखान्यात होते, माझे कान शाबूत होते, तेव्हाचं सांगतो. तू ट्रेनिंगहून आल्यावर त्यांचं हातातलं जुनं एचएमटी घड्याळ सबंध खोलून, साफ करून दिलं होतंस. एका दुपारी त्यांनी मला डोळ्याला लावायचं भिंग आणायला सांगितलं. पलंगावर बसून झाकण उघडलं आणि कितीतरी वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, विशालला सांग, माझा हात असा कधी चालला नाही. मी विचारलं, मग टपरी त्याला का नाही दिलीत? तर म्हणाले, भीमा, तुला दुसरीकडे कुणी ठेवून घेतलं नसतं. त्याला मला टपरीत कोंडायचं नव्हतं.

मी म्हटलं, सांगतो. दोन दिवसांनी बाबा गेले. तू पाय धरून रडत होतास तेव्हा सांगता आलं असतं. वर्षश्राद्धाऐवजी आपण बुद्धवंदना ठेवली, तेव्हाही. दर दिवाळीत तू येतोस, माझ्या शेजारी त्या स्टुलाकडे बघत बसतोस, तेव्हाही. नऊ वर्षं मी ते वाक्य दाबून ठेवलं. सांगितलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं, असं वाटायचं.

हे वाचून तुला माझा राग येईल. त्याचं कारण माझ्या रागापेक्षा जुनं आहे, तेव्हा खुशाल राग कर.

हे पत्र मी शीतललाही वाचू दिलेलं नाही आणि वहिनीलाही नाही. पाकीट स्वतःच पेटीत टाकायला निघालोय, वाटेत मन फिरायच्या आत.

काही झालं तरी तुझाच दादा,
भीमराज