सिनेमातली मुलगी जगली म्हणून

रेवती,

तुझ्या बसंती आत्याला मुलगा झाला त्या वर्षी घरात व्हिडिओ आला, तेव्हापासून शांतता नाही. रविवारी तू शाळेत वाचलेल्या पुस्तकाचा सिनेमा लावलास, मुलं चंद्रावर जातात तो. तुझ्या धाकट्या भावाला, सत्यदेवला, रॉकेट खोटं वाटलं. पुस्तकात मुलगी शेवटी मरते आणि सिनेमात जगते, म्हणून तू संतापलीस. माझ्या भावाला ती जगलेली आवडली, तर "जयराम आजोबा, तुम्हाला काय कळतं?" म्हणालीस. तोही हट्टी, जेवण टाकून आपल्या गावी, लालमतीला निघून गेला. माफी माग म्हणून आठवडाभर सांगतेय, तू पुस्तकच पुढे करतेस!

मी पुढे निघाले. चूल पेटवू नकोस. पाव खा, पांढरे कपडे घाल आणि मिळेल त्या बसने लालमतीला ये. जयराम आज पहाटे वारला.