बाबांचं बोट आणि लाल कुलूप

२२ सप्टेंबर, सोमवार

कुलपं आली! लाल, टपोरी, प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव. आमच्या मरोळच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात आता मशीनला हात घालायच्या आधी मेन स्विच बंद, त्यावर आपलं कुलूप आणि किल्ली आपल्यापाशी. म्हणजे काम संपेपर्यंत दुसरं कुणी करंट सुरू करूच शकणार नाही. मेंटेनन्सची इनचार्ज झाल्यापासून मागत होते. एकदाचं शेठनी ऐकलं.

दत्ताराम इलेक्ट्रिशियननी कुलूप उलटसुलट करून बघितलं. "मॅडम, ह्या माझ्या पेटीक लावू?" सगळे खिदळले. मीपण! दत्ताराम इलेक्ट्रिशियन म्हणजे माझे बाबा. कारखान्यात मी मॅडम, घाटकोपरला घरी पोचले की त्यांची मालवणी ऑर्डर, "पाणी हाड गे."

२५ सप्टेंबर

बाबा टेस्टर वापरत नाहीत. रबरी चटईवर उभे राहतात आणि बोटाची पाठ तारेला हळूच टेकवतात. "मुंगये येवक नाय, म्हणजे लाइन मेलेली. टेस्टर खोटा बोलात, बोट बोलूचा नाय."

आणि लोकांचाही त्या बोटावर विश्वास! आमचा फिटर शेर्विन इथल्याच गावठाणातला. बाबांनी नुसतं "जा रे" म्हटलं की हा थेट रोलरमध्ये शिरतो. आज मी दोघांवरही ओरडले. एक दिवस वाट लागेल म्हटलं. बाबा तोंड फुगवून बसले, पण येताना माझ्यासाठी भजी बांधून घेतली. म्हणजे राग गेला.

२७ सप्टेंबर

बाबा सोडून सगळ्यांनी कुलूप लावलं. झकास!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

उद्यावर न ठेवता आजच लिहिते.

पूजेआधी मशीनं पुसायची म्हणून शेर्विनने मोठ्या मशीनचा मेन बंद केला, कुलूप लावलं. शर्ट मळेल म्हणून खुंटीला टांगला — किल्ली त्याच्या खिशात! मी पाटावर झेंडू मांडत होते. पाने, पक्कड, हातोडी आणि शेजारी लाल कुलूप, वर हळदकुंकू. त्यावर नाव शेर्विनचं.

बाबांनीच शर्टातली किल्ली घेऊन काढून आणलेलं, प्रेमाने. "त्याचा हत्यार पूजेत नको?"

मी धावले. शेठ मुहूर्ताला बटण दाबतात, म्हणून मधल्या वेळात कुणीतरी मेनही चढवून ठेवलेला. शेर्विन चहा पिऊन परत आत शिरायच्या बेतात. बाबांनी मेनकडून येणाऱ्या तारेला बोट टेकवलं. "मेलेली आसा. जा रे."

मी शेर्विनला बनियन धरून मागे खेचलं आणि टेस्टर लावला. पेटला! पायाखाली चटई होती म्हणून बाबा वाचले. शेर्विन तर ओल्या फडक्यासकट आत जाणार होता.

नंतर पूजा छान झाली. शेर्विन म्हणाला, "बनियन फाडलंस ना यार, नवीन दे." इतके हसलो! संध्याकाळी बाबांनी आपणहून स्वतःचं कुलूप मागून घेतलं. "बोट चुकला," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळे धडधाकट घरी गेले. आणखी काय हवं?

४ ऑक्टोबर

सकाळी बाबांनी उकळत्या चहाचं पातेलं गॅसवरून नुसत्या हाताने उचललं आणि माझ्याशी बोलत उभे राहिले. मी किंचाळले तेव्हा कुठे त्यांनी हाताकडे बघितलं. बोटांना फोड आले होते.

"कळाक नाय गे," म्हणाले. "बोटांका कायच कळत नाय. दोन वर्सां झाली."

दोन वर्षं आम्ही सगळे त्या बोटाच्या भरवशावर मशीनमध्ये शिरतोय.