शून्यांचं काय करायचं?

यवतमाळ,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय गुंजन,

तू पुसदला नीट पोचली असशील. श्रेयसचा ताप उतरला का? लेकरू खातं-पितं ना? इथं आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात, बाकी ठीक. तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. तोंडून काय गेलं असतं, कोणास ठाऊक.

शुक्रवारची केंद्रातली बैठक मनातून जात नाही. कपाशीच्या कुजलेल्या बोंडातून गुलाबी अळी मी बोटांनी काढते, कधी किळस आली नाही. त्या माणसांत बसून मात्र आली.

चर्चेला आलेला तो भाग आपल्या दोघींच्याच शोधनिबंधातला होता. मादीच्या वासाची गोळी लावलेल्या कामगंध सापळ्यात या अळीचा पतंग सापडला नाही, की आपण शून्य लिहितो. पण पतंग शिवारात नव्हताच, की सापळ्यातल्या गोळीचा वास उडून गेला होता? संगणक त्या शून्यांचं करतो काय, हे मला कळत नाही. आणि त्याच आकड्यांवर आपण शेतकऱ्यांना 'फवारणी थांबवा' म्हणून सांगणार! म्हणून उठले. म्हटलं, "सर, हे गणित मला समजत नाही. कोणी समजावून सांगेल का?"

प्रमुख म्हणून बसलेले नंदकिशोर सर खुर्चीत रेलले. "मग डॉक्टरेट कशी मिळाली मॅडम? हां, तुम्हा लोकांना कशी मिळते ते माहीत आहे आम्हाला."

सगळे हसले. समजावून कोणीच सांगितलं नाही.

चहाच्या वेळी एकेक जण हळूच जवळ आला. सलील म्हणाला, "मलेही नाही समजत, पण सगळ्यायसमोर असं कोणी सांगते काय?" शेवटी सरही आले, ओठांवर समोशाचं तेल. "अहो, तो भाग मीसुद्धा सोडूनच देतो. मनावर घेऊ नका." विषय अवघड आहे, त्यात लाज कसली? पण न समजलेल्यावर सह्या ठोकायच्या आणि विचारणारीची जात काढायची!

निबंधातून माझं नाव काढायला काल कळवलं आहे. सोमवारपासून अमरावतीला संख्याशास्त्राच्या एका बाईंकडे शिकायला जाते. फोनवर त्या म्हणाल्या, "शून्यांनी मलाही फार छळलंय. या, दोघी मिळून बसू." ऐकून रडूच आलं.

तुझा मेसेज वाचला. 'एवढी काहून चिडली तू? सर तर मजाक करून राह्यले होते.'

गुंजन, त्या मजाकवर तू हसलीस. तोंडाला ओढणी लावून, पण हसलीस. मी बघितलं. होस्टेलवर एका ताटात जेवलो आपण. सर कसे आहेत हे मला आधीपासून ठाऊक होतं. तुझं ठाऊक नव्हतं.

श्रेयसला जप. पत्राखाली 'तुझीच' लिहायची सवय होती, आज हात वळत नाही.

वैष्णवी