परसदारचं पान

३ नोव्हेंबर २०१४
निडीला पोचले. खोली झकास. मागं केळी, पुढं उजेड. रोह्याच्या कंपनीत कँटीनला लागले, कंपनीची गाडीच नेते आणते, दुपारी मी मोकळी. हमरापूरला गणपती रंगवत वीस वर्षं बसून काढली, वजन झालं एक्याण्णव. गुडघे गेले. पेणचे डॉक्टर म्हणाले, पंधरा किलो उतरवा, मग ऑपरेशन. खाल्लेलं रोज लिहा म्हणाले, म्हणून ही वही. शाळा चौथीची, अक्षर असंच येणार. घरमालकीण गोदूबाई शेजारीच राहते. बघताच म्हणाली, दारातून मावशील ना गो? म्हटलं, तुझी जीभ मावते तर मी पण मावेन.

५ नोव्हेंबर
अर्धी तांदळाची भाकरी, वाटीभर आमटी. नेहमीसारखं वाढून घ्यायचं आणि अर्धं बाजूला काढायचं, असा डॉक्टरांचा नियम. बोलायला काय जातं त्यांचं. दोनशे माणसांचं रांधते मी, फोडणीच्या वासानं आतडी पिळवटतात. पाणी पिऊन पोट फसवते. ते फसत नाय. काढलेलं अर्धं टाकवेना, म्हणून केळीच्या पानावर परसदारी ठेवलं. म्हटलं, कोण उपाशी असेल त्यानं यावं.

८ नोव्हेंबर
पान रोज चाटूनपुसून साफ. कावळा नव्हे, कुत्रं नव्हे. जेवून उठलेला माणूस दुमडतो तसं पान दुमडलेलं असतं. गोदूबाईनं बघितलं आणि किंचाळलीच. भरदुपारी परसदारी पान मेलेल्याला वाढतात, तेसुद्धा वर्षातून एकदा, एवढंही कळत नाय का गो तुला? म्हटलं, कळतं. मग अन्न काय गटारात फेकू? फुकटची बडबड. वजन अठ्ठ्याऐंशी.

१४ नोव्हेंबर
वजन ब्याऐंशी. डॉक्टरांनी शाबासकी दिली, मग परत काट्यावर उभं केलं, मग काटाच उलटा करून तपासला. भूक अशी की लाकूड चावावंसं वाटतं. नियम गेला खड्ड्यात. आज पान मांडलं नाय. चार भाकऱ्या खाल्ल्या, सुकटीबरोबर. पोटात कायच उतरलं नाय. आणि परसदाराला बाहेरून कोणतरी नखं ओढत होतं. लख्ख उन्हात. उघडलं तर कोण नाय.

१७ नोव्हेंबर
एकोणसत्तर. गोदूबाईचा हात धरून विचारलं, पान कोण खातं? कबूल झाली. तिची सासू बायजा याच खोलीत गेली. अंथरुणाला खिळलेली, तिची घाण कोण काढणार, म्हणून हिनं आधी अर्धी भाकरी केली, मग पाव, मग तीही नाय. मेल्यावर पानसुद्धा कधी वाढलं नाय, ती येईल म्हणून. वर मलाच म्हणते, तू तिला जेवायला घातलंस. थुंकले तिच्या दारात. उद्या पेणला जाते.

१८ नोव्हेंबर
पाय उचलत नाय. घास तोंडाशी नेते, तोंडात — काय नाय. कानाशी कोणतरी चावतंय. दात नसलेलं तोंड.

१९
दोन्ही दारांना बाहेरून कडी. ओरडले. गोदूबाई म्हणते, तू बोलावलीस, तूच ठेवून घे. ती तुझ्याकडं हाय तोवर माझ्या घरात येत नाय.

२१ असेल
बांगड्या गळून पडल्या. गोदूबाईनं दाराखालून पान सरकवलं. अर्धी भाकरी. मी हात लावला नाय. तरी पान —

२२?
पाव भाकरी. भूक माझी नाय ही. ही तिची —

परत
गोदूबाई दाराशी रडते. मला नावानं हाक मारत नाय. आत्याबाई, जेवा, म्हणते. सासूला म्हणायची तसं. मी ठमा हाय, ठमा, असं ओरडायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून म्हातारीनं ओ —