निरोगी म्हणून ठेवलेली बाटली

६ जानेवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू बरा आहेस का विचारतेस, मी बरा आहे म्हणतो आणि दोघंही खोटं बोलून मोकळे होतो. म्हणून हे पत्र. डाव्या हातात सुया आहेत, उजवा मोकळा आहे आणि डायलिसिस संपायला अजून बराच अवकाश आहे. शहरातल्या बसचं वेळापत्रक मी लावायचं आणि माझं वेळापत्रक या यंत्राने लावायचं, अशी गंमत चालली आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. खिडकीतून बस वेळेवर सुटताना दिसते. ती मीच सोडलेली असते, पण मला उठून तीत बसता येत नाही.

तुझी शाळेतली मैत्रीण, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई, म्हणतात की नात्यातल्या कोणाची किडनी मिळाली तर उत्तम. तुझी वहिनी लगेच पुढे झाली, पण तिला मधुमेह, तेव्हा तो विषय मिटला. आईचं तर वय झालं. मी कोणापुढे तोंड वेंगाडणार नाही आणि तूही मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणी काचेच्या बाटल्यांत गोगलगायी साठवायचीस, म्हणून तुला खार म्हणायला लागलो. आता लोकांची लघवी साठवतेस. प्रगती आहे म्हणायची!

आम्हा सगळ्यांवर माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा


१४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू मागणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून मीच सांगते. किडनी मी देणार. सकाळी मी वॉर्डात असते, दुपारनंतर प्रयोगशाळेत, आणि दोन्हीकडे माझा विषय एकच: किडनी दिलेली माणसं पुढे कशी राहतात. एक काढली की उरलेली हळूहळू वाढते आणि दोघींचं काम अंगावर घेते. हे मी रोज लोकांना सांगते. आता स्वतःला सांगायची वेळ आली तर भीती वाटते, ते तुझ्यापासून कशाला लपवू? ऑपरेशनची खोली मी उभी राहून कितीदा पाहिली आहे, आडवी पडून कधीच नाही.

आमच्याकडे देणाऱ्याला एकट्याला बसवून विचारतात. तो मनातून तयार नसला तर मी बाहेर येऊन घरच्यांना एवढंच सांगते, की जुळत नाही. कोणी कारण विचारत नाही आणि घर मोडत नाही. ही आतली गोष्ट तुला एकदा सांगितली होती. काळजी करू नकोस, माझ्यासाठी ते वाक्य कोणाला वापरावं लागणार नाही. तिकडे येऊन तपासण्या करून घेते.

वहिनींना नमस्कार, मनीला पापा. तुझी लेक बावीस वर्षांची झाली तरी माझ्याकडून पापाच.
आशीर्वाद असू देत.
तुझी,
खार


२ फेब्रुवारी

प्रिय खार,
सप्रेम नमस्कार.

एका बाकावर बसलो तेव्हापासून तुला काही घोळवून सांगितलेलं नाही, आताही सांगत नाही. तुझं दादांशी जुळतं, सगळं जुळतं. पण तुझ्या लघवीतून प्रथिनं जातात, आणि थोडीथोडकी नाहीत. रक्तदाब वर आहे. दोन्ही किडन्या असायला हव्यात त्यापेक्षा लहान दिसतात. तुझी किडनी घेता येणार नाही. उलट आजपासून तुलाच त्या जपायच्या आहेत. दादांचा आजार आपण रक्तदाबाचा धरून बसलो होतो, पण दोन भावंडांत हेच दिसलं म्हटल्यावर तो घराण्यातला असावा. तुझं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं आहे.

एक विचारते, रागावू नकोस. तुमच्या प्रयोगशाळेत रुग्णांशी ताडून बघायला 'निरोगी' अशी चिठ्ठी लावलेली लघवीची बाटली असते, ती कोणाची? आपण मेडिकलला शिकत होतो तेव्हा तू ऐटीत स्वतःचीच द्यायचीस.

दादांना मी सांगू शकत नाही. तुझा आजार तुझा आहे. पण तू सांग, आणि लवकर सांग.

तुझी काळजी करणारी,
बाकमैत्रीण


५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तपासण्या झाल्या. जुळत नाही. मला फार वाईट वाटतं. तुझं नाव रुग्णालयाच्या यादीत आहेच, धीर सोडू नकोस.

वहिनींना नमस्कार. कळावे.
तुझी,
खार


१७ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू, आणि एवढंसं पत्र! लहानपणी मांजर हरवलं तर तीन पानं लिहायचीस. मी समजायचं ते समजलो. जे वाक्य लागणार नाही म्हणाली होतीस, तेच आलं.

अगं, भ्यालीस तर भ्यालीस. धडधाकट माणसाने पोट फाडून घ्यायचं म्हणजे काय खायचं काम आहे? आधी मला राग आला, नाही कशाला म्हणू. कप आपटला तर चहा सांडला, आणि माझं दिवसाचं पाणी मोजून असतं, त्यातला एवढा चहा फुकट गेला. तेव्हा ठरवलं की राग आपल्याला परवडत नाही. तुला मी मनापासून माफ केलं आहे. आईचं म्हणशील तर तुझं नाव निघालं की ती उठून आत जाते. घालतोय तिची समजूत.

येत जा. मला तुझी किडनी नको, बडबड हवी आहे. लोभ होता तेवढाच आहे.
तुझा,
दादा


२५ फेब्रुवारी

प्रिय बाकमैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

बाटली माझीच होती. अभ्यास सुरू केला त्या दिवसापासून माझीच. नमुन्यासाठी निरोगी माणूस कुठे शोधत बसायचं, आपण आहोतच, असं म्हणायचे. सगळे रुग्ण मी माझ्याशी ताडून पाहिले, माझ्यापेक्षा बरे दिसले आणि खूश होऊन घरी पाठवले. मोटार शिकवणाऱ्या एका बाईंनी मुलाला किडनी दिली होती. पाय सुजतात म्हणाल्या, तर फार बसून असता म्हणून, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. त्यांना आणि बाकी सगळ्यांना पुन्हा बोलावते आहे. वरिष्ठांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. ते जमलं.

दादापुढे जमत नाही. त्याने मला भित्री समजून माफ केलं आहे. खरं सांगावं तर त्याला यंत्राच्या शेजारी माझीही खुर्ची दिसायला लागेल, आणि आई एकाचंच दुखणं कसंबसं सोसते आहे. न सांगावं तर आईच्या मनातून मी उतरले ती उतरलेच. शेवटी त्याला लिहून टाकलं की हो, भ्याले. दोन्ही दारं बंद आहेत, आणि कड्या मीच घातल्या. 

रक्ताचा निकाल आला की लगेच कळव.
तुझी,
खार


११ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बातमी अशी की मनी मला किडनी देणार! मी नको नको म्हटलं, पण ती ऐकेना. आत्या भ्याली म्हणून मी भ्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे, असं म्हणाली. वाक्य तुला लागेल, पण पोरीच्या तोंडाला आवर नाही. तिचं सगळं जुळतं, तब्येत ठणठणीत. बाप म्हणून लाज वाटते, तरी खरं सांगतो, मला लोभ सुटला आहे. एक ग्लास पाणी गटागटा प्यायचं, बस, एवढंच डोक्यात असतं. आई कितीतरी दिवसांनी हसली.

डॉक्टरीणबाई मात्र तारीख देत नाहीत, काही ना काही काढून थांबवतात. तुझा शब्द त्या मोडणार नाहीत. एवढं काम माझ्यासाठी कर.

तुझ्यावर हक्क आहे म्हणून सांगतो, राग मानू नकोस.
तुझा,
दादा


१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मनीची किडनी घेऊ नकोस. आत्ता तरी नको. तारीख अडली आहे ती माझ्यामुळे.

मी भ्याले नव्हते. आपलं जुळत होतं, सगळं जुळत होतं. पण माझ्याही किडन्या तुझ्याच वाटेने निघाल्या आहेत. काल माझ्या रक्ताच्या जनुक-तपासणीचा निकाल आला. हा आजार आपल्या घराण्यातला आहे. बाबांचे पाय सुजायचे, आपण त्यांच्या पायांखाली उशा रचायचो आणि वय झालं म्हणायचो, आठवतं? मनीचं सगळं आज चांगलं आलं, पण तिच्या वयात तुझं आणि माझंही चांगलंच आलं असतं. जनुकांतला तो दोष तिच्यात आला आहे का, ते तिच्या रक्तावरून कळेल. आला नसेल तर पुढचं तुम्ही दोघांनी ठरवा. आला असेल तर तिला स्वतःच्या दोन्ही लागतील, आणि औषध आतापासून.

एकदा मनात आलं, मनीचंही जुळत नाही असं तुझ्या डॉक्टरीणबाईंना सांगायला लावावं. मग वाटलं, उद्या तीही घरात भित्री ठरेल, आणि आजार आत वाढत राहील तो तिला कळणारही नाही. माझ्यासारखाच.

तुझ्या हातातला पाण्याचा ग्लास मी काढून घेते आहे, कळतं मला. काय हवं ते बोल. आईला तू काही सांगू नकोस, मी येऊन सांगते. शुक्रवारी यंत्रापाशी तुझ्या शेजारी बसेन.

आणि तू दिलेली माफी परत घे. ती माझी नव्हती, तरी मी इतके दिवस साठवून ठेवली होती.

लोभ असू दे. पुढे मलाही तो तुझ्याइतकाच लागणार आहे.
तुझी,
खार