पट्टीखालचा अंगारा

नाशिक, ९ फेब्रुवारी १९९८

ती. आईला रंगनाथचा खाटेवरूनच नमस्कार, कारण अजून वाकता येत नाही.

तू देवळ्याला गेल्यावर ताप आला होता, आता बराच उतरलाय. जेवण जातं. काळजी करू नकोस.

मी झोपलो असताना तू पायाच्या पट्टीखाली खंडेरायाचा अंगारा सारलास, ते ड्रेसिंगच्या वेळी कळलं. ऑपरेशनच्या जखमेत पू झाला होता. डॉक्टर ओरडले, "ही राख कोणी घातली?" मी म्हणालो, "मीच." शेजारच्या खाटेवरचे निफाडचे बाबा हसले, "अरे, देव बाहेरून राखण करतो, त्याला आत कशाला कोंबला?"

पुन्हा भूल देऊन जखम धुतली. हाडातली सळई तशीच ठेवलीय. पू थांबला तर ती राहील. नाहीतर काढावी लागेल, आणि मग पायाचं काय, ते डॉक्टर बोलत नाहीत. मीही विचारत नाही. थकवा फार येतो, म्हणून अक्षर असं.

कांदे काढायला माणसं मिळाली का? तुझा खोकला कसा आहे? धाकट्या संध्याला म्हणावं, काही न गाळता वाच.

तू स्वतःला बोल लावून उपास धरू नकोस. राखेनेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ट्रॅक्टर उलटला तेव्हाच जखमेत माती गेली होती.

यायचं बंद करू नकोस. अंगाराही आण, फक्त कपाळाला लाव. केस मागे सरकलेत, जागा भरपूर आहे.

तुझा,
रंगनाथ