मुक्ता उठलीच नाही

२ मे, शुक्रवार
आल्या एकदाच्या. श. (शशांक, माझा नवरा. सध्या पूर्ण नाव लिहिण्याइतका लाडका नाही) दुबईच्या विमानतळावर फुगे घेऊन आला. तेरा वर्षांच्या मुलीला फुगा! मुक्ताने तो मुकाट्याने घेतला आणि अजमानला घरी पोचेपर्यंत मांडीवर धरून बसली. धाकटी जुई आठ वर्षांची. ती गाडीत बसताक्षणी झोपली.
आम्हाला मूल नाही, त्यांना आईबाप नाहीत. श.चा चुलतभाऊ विनायक आणि त्याची बायको अपघातात गेल्यापासून दोघी मिरजेला सुमनआत्यांकडे आहेत. आत्यांचे गुडघे गेलेत, आता त्यांचंच कुणीतरी करायला हवं. म्हणून ठरलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींनी इथे राहून बघायचं, मग दत्तकाचं पुढे न्यायचं. कोण कुणाला बघतंय ते कुणी बोलत नाही.

५ मे, सोमवार
"काकू, पाणी घेऊ?" "काकू, पंखा लावू?" "काकू, बाथरूमला जाऊ?" अगं घर तुझंच आहे, हे सांगून सांगून तोंड दुखलं.
ऑफिसातून आले तर भांडी घासून पालथी घातलेली, केर काढलेला, माझे ड्रेससुद्धा घड्या करून ठेवलेले. ओरडलेच, "तुला कामाला आणलंय का?" तिचा चेहरा पडला. पाहुणी म्हणायचं नाही, घरची म्हणायचं तर कामाला हात लावू द्यायचा नाही. मला तरी नक्की काय हवंय?

९ मे, शुक्रवार
हाफ डे. आमटी केली. मुक्ता: "छान झालीये. आत्या यात गूळ घालते." भाजीत आत्या कूट घालते. पोळीला आत्या तूप लावते. मी सगळं घातलं, लावलं. तरी निम्मं ताटात.
जुई बिल्डिंगमधल्या पोरांत रुळली. आज दारातूनच ओरडली, "यल्ला काकू, चल ना, वी आर गेटिंग लेट!" मला इतकं बरं वाटलं. मुक्ताने तिला चिमटा काढला. "काकूंना अगं-तुगं करतात का?"
स्वतः आत्याला 'तू' म्हणते. मला मात्र 'तुम्ही'.

१३ मे, मंगळवार
जुईला काहीही विचारा, उत्तर मुक्ता देते. "जुई भेंडी खात नाही." जुई समोर बसून भेंडी खातेय! "जुईला एसीने सर्दी होते." सर्दी मला झालीये.
चिडचिड होते, आणि मग चिडचिडीची लाज वाटते. श. ऐकून घेतो आणि म्हणतो, "होईल गं, इन्शाल्ला." त्याला काय, जेबेल अलीच्या कामावरून घरी येईपर्यंत त्याचा दिवस संपलेला असतो. रोज एक आइस्क्रीम आणतो आणि चांगला काका होतो.

१७ मे, शनिवार
आज चांगलं लिहायला काहीतरी आहे. मुक्ता गाते! बाल्कनीत कपडे वाळत घालताना गात होती. मी दाराआड उभी राहिले, ती थांबेल म्हणून खोकलेसुद्धा नाही.
नंतर विचारलं, "पुढच्या शनिवारी मराठी मंडळाचा मुलांचा कार्यक्रम आहे, बर दुबईच्या हॉलमध्ये. गाशील?" म्हणाली, "चालेल." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचार न करता हो म्हणाली.
लगेच मंडळाच्या बाईंना फोन केला. त्यांनी पूर्ण नाव विचारलं. मीही ऐटीत सांगितलं, मुक्ता शशांक साळवी. असं मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. श. ऐकत होता. उठून उगाच गॅलरीत गेला. डोळे लाल करून आला.

२४ मे, शनिवार
सगळं मुसळ केरात.
मीना बाजारातून तिला परकर-पोलकं आणलं होतं. हॉल भरलेला. निवेदिका म्हणाली, "यानंतर गाणार आहे मुक्ता शशांक साळवी." मुक्ता माझ्या शेजारी बसलेली. हलली नाही. पुन्हा पुकारलं. मी कोपराने ढोसलं, "अगं, तूच!" समोर बघत बसून राहिली. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा लोक माना वळवून आमच्याकडे बघायला लागले. मग दुसऱ्या मुलाला बोलावलं.
गाडीत मी नको ते बोलले. "गायचं नव्हतं तर हो कशाला म्हणालीस? आमची शोभा करायची होती?" श. म्हणत होता, "वैदेही, बस." मी थांबले नाही.
मुक्ता परकराच्या घड्या सरळ करत राहिली. रडलीही नाही. रडली असती तर जवळ घेता आलं असतं.

२५ मे, रविवार
नाश्त्याला जुईने सांगितलं, तेही पोह्यातले शेंगदाणे वेचत. "ताई रेडी होती काकू. बट तिचं नाव घेतलंच नाही ना. तिचं नाव मुक्ता विनायक साळवी आहे."
आडनाव एकच. त्यामुळे दत्तकात बदलणार ते एवढंच, मधलं. आम्ही ते हिशेबातच धरलं नव्हतं. उलट तिला भेट देतोय असं वाटत होतं मला. आणि तीही तिच्या बापाचं नाव काढून, माइकवर, शंभर माणसांत.
माफी मागितली. "असू दे काकू," म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

२८ मे, बुधवार
सांगलीच्या वकिलांशी बोलणं झालं. ते म्हणाले, "मॅडम, बाप म्हणून तुमच्या मिस्टरांचंच नाव लागणार. मुलीच्या नावात जुनं ठेवायचं तर बघता येईल, पण तिकडच्या व्हिसाला, शाळेला, दर वेळी खुलासे करत बसाल."
मी म्हटलं, करू खुलासे. श. नंतर किचनमध्ये म्हणाला, "म्हणजे मी काकाच राहणार."
तो वाईट माणूस नाही. बाप व्हायची त्याला घाई झालीये, इतकी वर्षं थांबलाय. पण आज मला त्याचा फार राग आला. थोडा स्वतःचाही, कारण मुक्ता 'हो' म्हणाली की सगळं सोपं होईल हे माझ्याही मनात होतंच.

१ जून, रविवार
दुपारी जुई खाली खेळायला गेली होती. मुक्ता माझ्यासमोर येऊन बसली. पाठ करून आल्यासारखी बोलली. "काकू, तुम्ही जुईला ठेवा. तिला बाबा आठवत नाहीत. तिला इथे आवडतं. मी आत्याकडे राहते."
"तुम्हाला वेगळं करायचं नाही आम्हाला."
"मग दोघी आत्याकडे राहू?"
आत्यांना जिना उतरता येत नाही. हे तिलाही माहीत आहे.
म्हटलं, "तू आम्हाला नकोयस असं वाटतं का तुला?" म्हणाली, "नाही. तुम्ही चांगले आहात." यापेक्षा भांडली असती तर परवडलं असतं.

६ जून, शुक्रवार
ईद. क्रीकवर अब्रात (लाकडी होडीत) बसलो. श.ने मधेच विषय काढला. "मुक्ता, तुझं नाव तेच ठेवू. विनायक." मी चाटच पडले, मला आधी काही बोलला नव्हता.
ती म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल, काका."
"छे. मला कशाला?"
ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचं खोटं मला दिसलं, म्हणजे तिलाही दिसलंच असणार. जुई तिकडे आम्हा सगळ्यांना हात धरून उभं करत होती, फोटोसाठी. आम्ही हसलो.

१२ जून, गुरुवार
गेल्या. मिरजेची शाळा सुरू होतेय. पुढच्या महिन्यात सुनावणी, तिथे निर्णय देणारे साहेब मुलींना स्वतः विचारणार. आम्ही काहीही म्हटलं तरी मुलींनी नको म्हटलं की खलास.
विमानतळाच्या रस्त्यावर जुई श.शी बडबडत होती. मुक्ता माझ्याजवळ मागे बसली होती. एकदम म्हणाली, "काकू, लग्नाआधी तुमचं पूर्ण नाव काय होतं?"
"वैदेही रामचंद्र पेठे." सांगताना चुकल्यासारखं वाटलं. कितीतरी वर्षांनी उच्चारलं.
तिने ते एकदा हळू म्हणून बघितलं. मग विचारलं, "आता असं तुम्हाला कुणी म्हणतं?"
मी नाही म्हटलं.
तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तेव्हाच खोटं बोलायला हवं होतं. निदान म्हणायचं होतं की, सवय होते. तेही खरं आहे, पण तोंडातून निघालं नाही.